आन्सेल्मचा तिसरा गोळा

"यावर कुणाचा विश्वास बसणार नाही," आन्सेल्म रूबो म्हणाला, "पण माझा तिसरा गोळा रानडुकरानं गिळला. अख्खा. पोलादी. आणि वर ढेकर दिली."

चिनारांच्या सावलीत बसलेल्या मंडळींपैकी कुणी हसलं नाही. सँ-मोराँ गावात पेतांकच्या, म्हणजे पोलादी गोळे फेकायच्या खेळाच्या, मैदानावर एक जुना कायदा होता. लिहिलेला कुठंच नव्हता, पण मेयरच्या हुकमापेक्षा कडक पाळला जायचा. कुणी थाप मारली तर ती तोडायची नाही. जमलं तर तिच्यावर आणखी मोठी थाप चढवायची, नाही जमलं तर मान डोलवायची आणि आपला गोळा पुसत बसायचं. खरंखोटं करायला सरकारनं पोलीस नेमलेत, चर्चनं पाद्री नेमलाय. मग मैदान तेवढं तरी मोकळं नको का?

तेव्हा तूसाँनं आपला गोळा फडक्यानं पुसायला घेतला. हा तूसाँ आन्सेल्मचा शेजारी, जन्मानं कॉर्सिका बेटावरचा, आणि बोलण्याच्या बाबतीत असा कंजूष की शुभेच्छासुद्धा नुसत्या भुवयांनी द्यायचा. थापेवर थाप चढवली ती कॅफेवाल्या रोझीननं. बर्फाचं भांडं टेबलावर आपटत ती म्हणाली, "ढेकरेचं काय घेऊन बसलास! माझ्या काकाच्या गाढवानं चर्चची घंटा गिळली होती. दुपारी बाराला पोटातनं टोले द्यायचं. पाद्रीबाबा त्याला रविवारी ओट्स चारायचे, प्रार्थनेची वेळ चुकू नये म्हणून."

मंडळींनी माना डोलवल्या. नव्या माणसानं मात्र डोलवली नाही. तो बिचारा चक्क वहाणेनं माती उकरत विचार करत होता, रानडुकराच्या घशातून पोलादी गोळा उतरेल कसा!

हा नवा माणूस म्हणजे देल्फॉस, बेल्जियमचा निवृत्त दंतवैद्य. जुनी तेलाची घाणी विकत घेऊन त्यानं घर केलं होतं, आणि मागच्या अंगणात पोहायचा तलाव खणवून घेतला होता. त्यानं दोन प्रश्न विचारले होते. पहिला, सगळे तीन-तीन गोळ्यांनी खेळतात, मग रूबोसाहेब दोनच का फेकतात? त्याचं उत्तर झालं. दुसरा प्रश्न त्यानं खुर्ची पुढं ओढून विचारला.

"तलावात पोरं पडू नयेत म्हणून सरकारी कायद्यानं चार गोष्टी चालतात म्हणे. भोंगा, ताडपत्री, सरकतं छप्पर, नाहीतर कुंपण. यांतलं काहीही एक बसवा. मग मी कोणतं बसवू? दुकानदार म्हणाला, मला काय विचारता, तुमच्या गावात रूबो म्हणून आहेत, त्यांचं सगळं करून झालंय. परवा माझी नातवंडं येताहेत हो. दोघं आहेत, धाकटा नुकता पळायला लागलाय."

नातवंडं हा शब्द आन्सेल्मच्या कानात शिरला आणि तिथंच खुर्ची टाकून बसला.

त्यालाही एक नात होती. कापुसीन. ती आईबरोबर, म्हणजे आन्सेल्मच्या लेकीबरोबर, दूर लिआँला राहायची. आन्सेल्मला आता आयुष्याकडून फारसं काही नको होतं. गुडघे गेले होते, बायको ओदील गेली होती, गोळ्याचा नेमही जाण्याच्या वाटेवर होता. त्या पोरीनं या अंगणात धावत यावं आणि फोनमधून नव्हे, समोरून, आजोबांना इकडं म्हणतात तसं 'पापे' म्हणावं, एवढंच राहिलं होतं. आणि त्याच्या आणि त्या हाकेच्या मध्ये पाणी होतं, त्याच्याच अंगणातल्या तलावाचं.

ईस्टरला लेक आली होती. मागलोन तिचं नाव. लहान मुलांच्या इस्पितळात परिचारिका. घरात शिरल्यापासून तिनं कापुसीनच्या अंगरख्याची टोपी मुठीत धरली होती, ती जेवतानाही सोडली नाही.

"पपा, त्या तलावाभोवती काहीतरी लाव. तोवर मी हिला इथं आणणार नाही."

"अगं, तू याच पाण्यात पोहायला शिकलीस!"

"शिकले, कारण आई काठावर बसून माझ्यावरची नजर हलवायची नाही. आता कोण बसणार? तू? तुला वर्तमानपत्राच्या पहिल्या पानावर डुलकी लागते."

"हवामान वाचून लागते. बातम्यांवर नाही."

ती हसली नाही. "उन्हाळ्यात आमच्याकडं कोणती पोरं येतात, ते मी तुला कधी सांगितलं नाही, पपा. सांगणारही नाही. पण प्रत्येक आजोबा एकच वाक्य बोलतो. आत्ता तर इथं होती."

हे सगळं आन्सेल्मनं देल्फॉसला सांगितलं नाही. त्यानं पास्तीसमध्ये पाणी ओतलं, बडीशेपेची ती दारू दुधाळ होईपर्यंत थांबला, आणि सुरुवात केली.

"चारही केलं मी. ऐका. आधी भोंगा. पाण्यात काही पडलं की बोंबलतो. बेल्जियमात चालत असेल. पण तुमच्याकडं मिस्त्राल वारा नाही. आमचा मिस्त्राल सुटला की गाढवाचे कान उपटून समुद्रात नेऊन टाकतो. पहिल्याच दिवशी वारा पाण्यावर उतरला, आणि भोंगा असा ओरडला, असा ओरडला, की पलीकडच्या डोंगरावरच्या गावाला वाटलं युद्ध पेटलं. एका म्हाताऱ्यानं तर पांढरा रुमाल काढून शरणागती पत्करली. बायकोपुढं. अजून तिच्याच ताब्यात आहे."

"माझा मावसभाऊ तो," रोझीन म्हणाली. "रुमालसुद्धा तिनंच धुतलेला होता."

देल्फॉसला आता मैदानाचा कायदा समजू लागला होता. तो हसला. आन्सेल्मही हसला. भोंग्याची खरी गोष्ट त्याच्या ग्लासाच्या तळाशी बसून राहिली. वाऱ्यानं पाणी हललं की भोंग्याला वाटायचं, कुणी पडलं. पहिल्यांदा तूसाँ दोन घरांमधली झाडं तुडवत, एका पायात चप्पल घालून धावत आला होता. दुसऱ्यांदा चालत आला. नंतर त्यानं त्या बाजूची खिडकी लावून घेतली. सगळ्या आळीनं भोंग्याला कोंबड्याच्या पंक्तीला नेऊन बसवलं. आरवतो, आरवू दे. आणि मग अशाच एका वाऱ्याच्या सकाळी मागलोनचा फोन आला.

"पपा, मागं ते काय वाजतंय?"

"तेच. भोंगा. बसवला ना मी!" आन्सेल्म अभिमानानं म्हणाला.

"वाजतोय तो?"

"मग! कसा खणखणीत!"

मग ती हळूच म्हणाली, "तो वाजतोय, आणि तू माझ्याशी बोलत बसलायस."

भोंगा तिथंच संपला.

"ताडपत्रीचं काय?" देल्फॉसनं विचारलं.

"ताडपत्री उत्तम! आडवे दांडे घातलेली, हत्ती नाचवा वर. पण आमच्याकडं रानडुकरं. ती डोंगरातनं उतरली आणि त्यांना वाटलं, रूबोनं आपल्यासाठी झोळी बांधलीय. अख्खं कुटुंब वर पहुडलेलं. मादी, पिल्लं, सासू. सासू कशावरनं ओळखली म्हणाल, तर बाकीची सगळी कडेला आणि ती मध्ये. मी आरडाओरडा केला तर नर मान वर करून म्हणतो कसा, मालक, जरा हळू, पोरं झोपलीत."

"पण रानडुकरं बोलतात...?" देल्फॉस म्हणाला, आणि रोझीननं त्याच्या पायावर पाय दिला.

रानडुकरं नव्हती. कंबर होती. ती ताडपत्री दोन माणसांनी गुंडाळायची आणि दोन माणसांनी ताणायची. आन्सेल्म एकटाच. अर्धी ओढून झाली की कंबरेत चमक भरायची, आणि उरलेलं उद्यावर जायचं. मागलोन रोज संध्याकाळी फोनवरून विचारायची, लावली का? तो म्हणायचा, लावली. मग एकदा ती म्हणाली, फोटो पाठव. त्यानं पाठवला. अर्धी ताडपत्री, अर्धं पाणी, वर ढगांचं सुरेख प्रतिबिंब. फोटो खरंच छान आला होता.

"पपा, अर्धी झाकलेली विहीर ही उघडीपेक्षा वाईट. पोर झाकलेल्या भागावर पाय देऊन पुढं जातं."

छपराला फार वेळ लागला नाही. काचेचं सरकतं छप्पर, तलाव अख्खा पोटात घेणारं. मैदानावर आन्सेल्मनं त्याखाली टोमॅटो पिकवले, खरबुजं शिजवली, आणि पाद्रीबाबांना आत बसवून नरकाची झलक दाखवली, तेव्हापासून त्यांचं प्रवचन जरा आटोपशीर झालं. मंडळींनी माना डोलवल्या, कारण प्रवचन खरोखरच आटोपशीर झालं होतं. प्रत्यक्षात छप्पर आलंच नाही. नगरपालिकेनं कळवलं की ते चर्चच्या मनोऱ्यावरून दिसेल आणि गावाची शोभा जाईल. मनोऱ्यावर कबुतरांखेरीज कुणी चढत नव्हतं. आन्सेल्म दोनदा भांडायला गेला. दुसऱ्यांदा त्याला पाणी विचारलं, खुर्ची दिली, आणि तेच सांगितलं.

"म्हणजे शेवटी कुंपण," देल्फॉस म्हणाला.

"शेवटी कुंपण," आन्सेल्म म्हणाला, आणि त्याचा आवाज जरा खाली आला.

कुंपणाबद्दल त्याला थाप सुचेना. ते चांगलंच होतं. उंच, उभ्या दांड्यांचं, पाय ठेवायला कुठं आडवी पट्टी नाही, आणि फाटक असं की सोडलं की आपोआप मिटणार आणि खटका स्वतःच पडणार. खटका इतका वर की लहान हात पोचायचा नाही. बसवून झालं त्या दिवशी त्यानं मागलोनला फोन लावला, फोन खटक्याजवळ धरला, आणि फाटक सोडून दिलं.

टक्.

"ऐकलंस?"

"परत ऐकव."

टक्.

"परत."

किती वेळा ऐकवलं कुणास ठाऊक. शेवटी ती म्हणाली, "बरं. आम्ही येतो." आणि फोन ठेवल्यावर आन्सेल्मनं फाटक आणखी एकदा सोडलं, फक्त स्वतःसाठी.

आता ग्लासांचा ट्रे घेऊन जाणाऱ्या माणसाच्या दृष्टीनं आपोआप मिटणारं फाटक म्हणजे काय, हे ज्यानं ते बनवलं त्याला ठाऊक नसणार. तो माणूस पेतांक खेळत नसणार. हात दोन, ट्रे एक, फाटक ढुंगणावर आपटतं, पास्तीस सदऱ्यावर. आणि सँ-मोराँत मोकळ्या हातानं कुणी तलावावर जात नाही. तेव्हा पहिल्याच रविवारी खेळ आटपून मंडळी काठावर बसायला आली तेव्हा कुणीतरी फाटकात एक गोळा सरकवला. असा गोळा जड, पकड घट्ट, जागचा हलत नाही. या गावात दार अडवायला दगड कुणी शोधतच नाही. कॅफेचं दार, चर्चचं दार, नगरपालिकेचंसुद्धा, उन्हाळ्यात सगळी गोळ्यावरच उघडी असतात. रोझीननं लावला असेल, तूसाँनं लावला असेल, आन्सेल्मनंही लावला. निघताना काढून घ्यायचे. बहुतेक वेळा.

"मग लेक आली का?" देल्फॉसनं विचारलं.

"आली तर! जुलैत. नातीला घेऊन."

हे खरं होतं. म्हणूनच बोलताना त्याची जीभ जड झाली.

ती दुपारी यायची होती. सकाळपासून आन्सेल्म मुंगीसारखा आतबाहेर करत होता. छोटी खुर्ची आणली होती, ओदीलच्या जुन्या पडद्याची छत्री केली होती, आणि एक पिवळं फुगवायचं बदक, जे फुगवता फुगवता त्याला भोवळ आली. एका हातात खुर्ची, एका हातात खरबूज, काखेत बदक, दातांत टॉवेल. फाटक आपटलं, खरबूज निसटता निसटता राहिलं. त्यानं खिशातला गोळा काढला आणि पायानं फाटकात सरकवला. एवढं सामान आत टाकलं की काढतो. बदक पाण्यात सोडलं. ते वाऱ्यानं डुलत डुलत मध्यावर गेलं, चोच वर करून. आन्सेल्म हसला. मग आत गेला, सुरी आणायला. खरबूज कापून ठेवावं, पोरीला हात बरबटायला आवडतं, असं फोनवर ऐकलं होतं.

सुरी सापडली नाही. मागलोन मात्र लवकर आली. रस्ता मोकळा मिळाला होता.

तो बाहेर आला तेव्हा ती फाटकाशी उभी होती. एकटी. गाडी मागं, इंजिन चालू. काचेआड कापुसीन आपल्या खुर्चीत बांधलेली, एका बोटानं पिवळ्या बदकाकडं दाखवत होती. ओठ हलत होते. काय म्हणत होती ते काचेतून ऐकू येत नव्हतं.

मागलोननं वाकून गोळ्याकडं पाहिलं. त्यावर खेळाडू कोरतात तशी आद्याक्षरं कोरलेली होती. आ. रू.

"आत्ताच, अगं, आत्ताच लावला. हातात..."

"हो, पपा."

"मी काढणारच होतो."

"हो."

ती ओरडली असती तर बरं झालं असतं. लहानपणी ती ओरडायची, मग ओदील ओरडायची, मग आन्सेल्म काहीतरी थाप मारायचा आणि तिघं हसायची. ती त्याच्या गालाचं चुंबन घेऊन, इस्पितळात कुणाच्या नातेवाइकाला बोलतात तशा आवाजात म्हणाली, "तुझी काही चूक नाही. तू असाच आहेस. पाणीही असंच असतं. मला तुम्हा दोघांची राखण एकाच वेळी करता येणार नाही." मग ती गाडीत बसली. गाडी वळताना कापुसीनचं बोट बदकाकडं तसंच राहिलं, काचेवर सरकत सरकत, आणि मग दिसेनासं झालं.

तेव्हापासून फोन येतात. कापुसीन बोलते. पण येण्याची गोष्ट निघाली की मागलोन म्हणते, बघू. आणि आन्सेल्मनं त्या दिवसापासून मागच्या अंगणाकडच्या खिडकीची झडप उघडलेली नाही.

"आली," तो मैदानावर म्हणाला, आणि आता त्याला थाप सापडली. ती इतकी छान होती की तिच्या मागं मागं जाण्यावाचून इलाज नव्हता. "फाटकाचा खटका ऐकला आणि म्हणाली, पपा, आम्ही महिनाभर राहतो. तेव्हापासून इथंच आहेत! कापुसीन माशासारखी पोहते. दंडाला ते फुगे बांधते आणि मला सांगते, पापे, तू काठावर बस, नजर हलवू नकोस. मी बसतो. डुलकी लागली की माझ्यावर पाणी उडवते. काल तिनंच मला रानडुकराची गोष्ट सांगितली. माझा गोळा फाटकाजवळ पडला होता, डुकरानं उचलला. तिनं पाहिलं. तीन वर्षांची पोर खोटं बोलेल का?"

"माझ्या काकाचं गाढव...," रोझीननं सुरुवात केली, आणि तिला पुढचं सुचलं नाही. असं याआधी कधी झालं नव्हतं.

"आत्ता कुठं आहे ती?" देल्फॉस उठून उभाच राहिला होता.

"आत्ता झोपलीय. दुपारची. मागलोन शेजारी वाचत बसलीय."

"मग असं करू या!" बेल्जियमच्या माणसाचा चेहरा फुलून आला होता. "तुमचं घर आमच्या गल्लीच्या टोकालाच. परवा पोरं आली की त्यांना सरळ तुमच्याकडं पाठवतो. तुमच्या नातीला सोबत होईल. आम्ही सामान लावून मागून येऊ, तोवर ती खेळतील. कुंपण एवढं पक्कं आहे तर काळजी कसली? आणि फाटकही पाहायला मिळेल."

आन्सेल्मनं तोंड उघडलं. त्याला दिसलं ते असं. गल्लीतून दोन पोरं धावत येताहेत, अंगणात गोंगाट आहे, खरबुजाच्या फोडी आहेत, आणि त्या गोंगाटात कुठंतरी तिसरा आवाजही आहे. तो आवाज आणखी एक क्षण राहावा म्हणून त्यानं काहीही दिलं असतं.

"पाठवा की," तो म्हणाला. "पाठवा. जेवायलाच पाठवा."

तूसाँचं फडकं थांबलं. त्यानं वाट पाहिली. आन्सेल्मकडं पाहिलं, मग रोझीनकडं, पुन्हा आन्सेल्मकडं. आन्सेल्मनं ग्लास उचलला, आणि तो रिकामा होता तरी प्याला. देल्फॉस खिशात पेन शोधत होता, घराचा नंबर लिहून घ्यायला. चिनारांत एक रातकिडा भर उन्हात कर्कश ओरडू लागला आणि थांबेचना.

मग तूसाँनं आपला गोळा मातीत ठेवला.

"नंबर लिहू नका, साहेब," तो म्हणाला. "पोरांना तिकडं पाठवू नका. खोटं बोलतोय तो. डुकरानं काही गिळलेलं नाही. गोळा फाटकातच आहे, आज सकाळी पाहिला मी. घरात कुणी नाही, आन्सेल्म. आणि फाटक उघडं आहे."